पाण्यातले पोलीस: सिडनीत वेगळं दल, मग गोदावरीत कोण उतरतं?

२३ मे २०२४. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं सुगाव. आदल्या दिवशी इथे प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले होते. त्यांच्या शोधासाठी धुळ्याहून एसडीआरएफची, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची टुकडी आली. सकाळी बोट पाण्यात घातली. ती भोवऱ्यात सापडली आणि उलटली. पोलीस उपनिरीक्षक प्रकाश शिंदे, कॉन्स्टेबल राहुल पावरा आणि कॉन्स्टेबल वैभव वाघ या तिघांचा मृत्यू झाला. सोबत घेतलेला गावातला एक जणही गेला.

बातम्यांमध्ये 'एसडीआरएफचे जवान' असा उल्लेख होता. त्यामुळे अनेकांना वाटलं की हे लष्करासारखं काहीतरी वेगळं दल असेल. पण हे पोलीसच होते. महाराष्ट्रात एसडीआरएफच्या तुकड्या राज्य राखीव पोलीस दलातूनच उभ्या केलेल्या आहेत, एक धुळ्याला आणि एक नागपूरला. दंगलीच्या बंदोबस्तात जे दल रस्त्यावर दिसतं, त्याच दलातली ही माणसं.

पोलीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाकाबंदी येते, चौकी येते. बोट येत नाही. मग पाण्यावरचं पोलिसांचं काम नक्की असतं तरी काय, आणि आपल्याकडे ते कोण करतं?

एक मालिका आणि एक बेट

ऑस्ट्रेलियात १९९६ ते २००१ या काळात नाईन नेटवर्कवर 'वॉटर रॅट्स' नावाची मालिका चालली. सहा सीझन, १७७ भाग. विषय एकच, सिडनी बंदरात काम करणारे पोलीस. फ्रँक हॉलोवे आणि रेचल गोल्डस्टीन ही त्यातली डिटेक्टिव्हची जोडी. खून, तस्करी, हरवलेली माणसं, जळालेल्या बोटी, सगळं पाण्यावर. आपल्याकडे 'सीआयडी'मध्ये दया दरवाजा तोडायचा, तिथे हे लोक स्पीडबोटीतून दुसऱ्या बोटीवर उडी मारायचे.

मालिकेतलं पोलिसांचं मुख्यालय होतं बंदरातल्या गोट आयलंडवर. यात दिग्दर्शकाची कल्पनाशक्ती कमी आणि इतिहास जास्त होता. या बेटावर १८३८ मध्ये खरोखरच वॉटर पोलिसांचं ठाणं बांधलं गेलं होतं. आज न्यू साउथ वेल्स राज्याच्या पोलिसांचा सागरी विभाग सिडनीच्या बामेन भागातून चालतो.

पाण्यासाठी वेगळे पोलीस ही कल्पना त्याहूनही जुनी. लंडनमध्ये थेम्स नदीवर १७९८ मध्ये असं दल सुरू झालं. कारण अगदी व्यवहारी होतं, जहाजांवरून उतरणारा माल चोरीला जायचा. लंडनचं आजचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल त्यानंतर ३१ वर्षांनी, १८२९ मध्ये आलं. म्हणजे तिथे रस्त्यावरच्या आधुनिक पोलिसाआधी नदीवरचा पोलीस आला.

सिडनीच्या व्यवस्थेतली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की गस्त, बचाव, पाणबुडे आणि तपास हे सगळं पोलीस खात्याच्या एकाच छपराखाली येतं. आपल्याकडे हीच कामं वेगवेगळ्या खात्यांत वाटली गेली आहेत.

पाण्यात पंचनामा कसा करायचा?

जमिनीवर गुन्हा झाला की घटनास्थळ जागेवर थांबतं. पोलीस फीत लावतात, फोटो काढतात, पंच बोलावतात. पाण्यात घटनास्थळच वाहून जातं.

नाशिककरांना हे सांगायला नको, कारण गोदावरी शहराच्या मधून जाते. समजा आनंदवल्लीजवळ कोणी पाण्यात पडलं. तो भाग गंगापूर पोलीस ठाण्याचा. पुढे रामकुंड पंचवटी पोलीस ठाण्याचं, समोरचा काठ सरकारवाडा आणि भद्रकालीच्या बाजूचा. शहर संपलं की आयुक्तालयाची हद्द संपते आणि ग्रामीण पोलीस सुरू होतात. पाणी यातल्या एकाही हद्दीला ओळखत नाही.

मग मृतदेह सापडला की जबाबदारी कोणाची? जिथे सापडला तिथल्या ठाण्याची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४) त्या ठाण्याने अकस्मात मृत्यूची नोंद करायची, दंडाधिकाऱ्याला कळवायचं, पंचनामा करायचा आणि गरज असेल तर शवविच्छेदनाला पाठवायचं. गुन्हा नेमका कोणत्या हद्दीत घडला हे कळत नसेल, तर त्यातल्या कोणत्याही हद्दीत चौकशी होऊ शकते, अशीही तरतूद आहे. हद्दीचा वाद घालून नातेवाइकांना परत पाठवणं कायद्यात बसत नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने घेता येते.

खरी अडचण पुढची. माणूस बुडून मेला, की मारून पाण्यात टाकला?

इथे डॉक्टर आणि प्रयोगशाळा कामाला येतात. नदीच्या पाण्यात डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं असतात. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे वाळूतल्या घटकाचं, त्यामुळे ते सहज नष्ट होत नाही. जिवंत माणूस बुडताना श्वासाबरोबर पाणी फुफ्फुसात ओढतो. हृदय चालू असल्यामुळे हे कण रक्तातून थेट हाडांच्या मज्जेपर्यंत जाऊ शकतात. आधीच मेलेल्याच्या शरीरात रक्ताभिसरण नसतं, त्यामुळे मज्जेत ते पोहोचणं कठीण. म्हणून बुडाल्याचा संशय असेल तर मज्जा तपासतात आणि ज्या ठिकाणी घटना घडली असं वाटतं तिथल्या पाण्याचा नमुनाही घेतात. ही चाचणी शंभर टक्के निर्णायक मानली जात नाही, पण इतर पुराव्यांना जोड म्हणून उपयोगी पडते. पाण्याचा नमुना मात्र वेळेत घ्यावा लागतो. चार दिवसांनी धरणातून विसर्ग झाला की ते पाणी गेलेलं असतं.

समुद्रावर पोलीस आहेत

महाराष्ट्रात पाण्यावरचे पोलीस शोधायचे तर आधी कोकणाकडे बघावं लागतं. मुंबई बंदरात यलो गेट पोलीस ठाणं आहे. आणि किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी आहेत.

ही ठाणी आली त्यामागे दोन जखमा आहेत. १९९३ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवलं गेलं आणि मार्चमध्ये मुंबईत साखळी स्फोट झाले. केंद्राची किनारी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली. पहिल्या टप्प्यात देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी मंजूर झाल्या. तरी २६ नोव्हेंबर २००८ ला दहा दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून मुंबईपर्यंत आले आणि रबरी बोटीतून बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यांना पहिल्यांदा पाहिलं, हटकलं ते कोळ्यांनी. त्यानंतर योजनेचा दुसरा टप्पा आला, आणखी ठाणी आणि बोटी आल्या. सागरी पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी २०१८ मध्ये गुजरातमध्ये ओखा इथे राष्ट्रीय अकादमी सुरू झाली.

बोट घेणं सोपं, चालवणं अवघड. पोलिसाची जीप कोणीही ड्रायव्हर चालवतो. बोटीला मास्टर लागतो, इंजिन ड्रायव्हर लागतो, खलाशी लागतो. खारं पाणी लोखंड खातं, इंजिनाची देखभाल जमिनीवरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. नवीकोरी बोट धक्क्याला बांधून ठेवली तर ती गंजणारच.

समुद्रात पोलिसांची हद्द कुठे संपते, याचं उत्तर कायद्यात आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. तिथपर्यंत भारताचा प्रादेशिक समुद्र. त्यापलीकडे तटरक्षक दल आणि नौदल. हा आकडा फक्त कागदावरचा नाही. २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर इटलीच्या जहाजावरील नौसैनिकांनी दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घातल्या. गुन्हा केरळच्या नींदकरा सागरी पोलीस ठाण्यात नोंदवला गेला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतक्या दूर केरळ राज्याला अधिकारक्षेत्र नाही, हा विषय केंद्राचा.

एक प्रकरण तर असं, की 'वॉटर रॅट्स'च्या लेखकांनी लिहिलं असतं तर लोकांनी अतिशयोक्ती म्हटली असती. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, रायगडच्या हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. शेखाडी तिथून फार लांब नाही, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा आला. जिल्ह्यात नाकाबंदी झाली. चौकशीत कळलं की नौकेचं नाव 'लेडी हान' आणि मालकीण ऑस्ट्रेलियाची नागरिक. मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये इंजिन बंद पडलं, चालक मंडळींना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं आणि रिकामी नौका वाहत वाहत कोकणात आली. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ही माहिती विधानसभेत दिली.

मुद्दा असा की नौका अरबी समुद्रात आठवडेच्या आठवडे तरंगत होती आणि ती दिसली किनाऱ्याला आल्यावर.

नदीवर मात्र कोणी नाही

म्हणजे समुद्रासाठी निदान ठाणी आहेत, बोटी आहेत, हद्द आहे. नद्या, धरणं, कालवे यांच्यासाठी असं काही नाही. आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग समुद्रापासून दूर आहे.

नाशिकचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्र पोलीस अकादमी याच शहरात आहे, राज्यातले उपनिरीक्षक इथे घडतात. पण शहरातल्या नदीवर पोलिसांचं वेगळं असं जलदल नाही. कोणी बुडालं की फोन जातो पोलिसांना, पोलिसांकडून महापालिकेच्या अग्निशमन दलाला. घाटावरचे जीवरक्षक आणि पट्टीचे पोहणारे तोवर पाण्यात उतरलेले असतात. ग्रामीण भागात अग्निशमन दलही लांब. तिथे गावातले पोहणारेच दोर आणि लोखंडी गळ घेऊन शोध घेतात. निफाड तालुक्यातल्या चांदोरीत गोदावरीचा पूर नेहमीचा, तिथल्या तरुणांनी तर यासाठी स्वतःची टीमच उभी केली. आजूबाजूच्या गावांतून पोलीस त्यांना बोलावून घेतात.

प्रकरण हाताबाहेर गेलं तर एसडीआरएफ, म्हणजे धुळे. नाशिकपासून दीडशे किलोमीटरहून जास्त. एनडीआरएफ हवी असेल तर पुणे जिल्हा, दोनशे किलोमीटरच्या आसपास.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. पाण्याखाली श्वास थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. धुळ्याहून गाडीला अडीच-तीन तास लागतात. म्हणजे लांबून येणारं कुठलंही दल बुडणाऱ्याला वाचवायला येत नसतं, ते मृतदेह काढायला येत असतं. हे वाचायला कठोर वाटतं, पण पूर सोडला तर गणित हेच आहे. वाचवणारा माणूस काठावरच असावा लागतो.

आणि मृतदेह काढण्यासाठी जिवंत माणसांनी किती धोका पत्करायचा, हा प्रवरेने विचारलेला प्रश्न आहे. घरच्यांना देह हवा असतो, ते समजण्यासारखं आहे. काठावर गाव जमलेलं असतं. पुढारी फोन करत असतात. अशा वेळी 'पाणी कमी होईपर्यंत बोट घालणार नाही' असं म्हणायला अधिकाऱ्याला जितकं बळ लागतं, तितकं बोट घालायलाही लागत नसेल.

भोवरा म्हणजे नेमकं काय

उन्हाळ्यात आपल्याकडच्या नद्यांना पाणी दिसतं ते बहुतेक आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडलेलं. वाटेत ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असतात. वरून बघितलं तर पाणी शांत, बंधाऱ्यावरून चार-पाच फुटांची धार. लहान पोरांनाही भीती वाटू नये असं दृश्य.

पण धार खाली पडते, तळाला आपटते, वर येते आणि पृष्ठभागावरून परत बंधाऱ्याकडेच वळते. एक आडवं चाक फिरत राहतं. त्यात सापडलेली वस्तू, मग ते लाकूड असो, माणूस असो की बोट, बंधाऱ्याकडे ओढली जाते, धारेखाली दाबली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा ओढली जाते. शिवाय त्या पाण्यात हवेचे बुडबुडे भरलेले असतात. फेसाळ पाणी तरंगवत नाही आणि बोटीच्या पंख्याला त्यात पकड मिळत नाही. लाइफ जॅकेट माणसाला वर ठेवतं, पण या चाकातून बाहेर काढत नाही. उत्तम पोहणारेही इथे हरतात ते म्हणूनच. सुटायचं असेल तर आधी वरचं पाणी बंद व्हावं लागतं, म्हणजे जलसंपदा विभागाला फोन. बोट घालण्याआधीचा हा फोन बोटीइतकाच महत्त्वाचा.

त्याच आठवड्यात, २१ मे २०२४ ला, उजनी धरणाच्या फुगवट्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली होती. सहा जण गेले. एक पोलीस अधिकारी प्रवासी म्हणून त्यात होता, तो पोहून काठाला लागला आणि त्याच्यामुळे बातमी कळली. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला आहे, त्यात बोटीची नोंदणी, तपासणी सगळं आहे. पण धरणाच्या काठावर बोट सुटताना ती मोजून कोण बघतं? १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला जाणाऱ्या 'नीलकमल'वर आदळली, १५ जणांचा मृत्यू झाला. तिथे आसपास नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, बंदराच्या बोटी सगळे होते म्हणून बहुतेक प्रवासी वाचले. उजनीवर असं कोणी नव्हतं.

आणि पुढे सिंहस्थ आहे

नाशिककर गोदावरीला 'गंगा'च म्हणतात, आणि गंगेला पूर किती हे मोजायचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर गावभर चर्चा. सोशल मीडियावर पहिला फोटो त्याचाच येतो. पण फोटो काढायला जाणारी गर्दी हीच पोलिसांची पहिली डोकेदुखी. पुराच्या दिवशी नाशिकमधला पोलीस पाण्यात नसतो, तो पाण्याकडे जाणाऱ्यांना मागे ढकलत असतो. गौरी पटांगणावर लावलेल्या गाड्या काढायला सांगत असतो.

गंगापूर धरणातून दहा हजार क्यूसेक विसर्ग, अशी बातमी आपण वाचतो आणि पुढे सरकतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्यूसेक म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला तुमच्यासमोरून जाणं. रामकुंडाच्या पायरीवर गुडघाभर दिसणाऱ्या वाहत्या पाण्यातही पाय सुटतो तो या वजनामुळे.

२०१५ च्या सिंहस्थात उलटी परिस्थिती होती. दुष्काळ होता आणि स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं का, हा वाद उच्च न्यायालयात गेला होता. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला रामकुंडाकडे येणाऱ्या उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, त्यात अनेक भाविक गेले. पाण्यात नाही, पाण्याकडे जाताना.

पुढच्या सिंहस्थातली पहिली दोन अमृतस्नानं जाहीर वेळापत्रकानुसार २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला आहेत. दोन्ही भर पावसाळ्यात. त्या दिवशी घाटावर लाखो माणसं असतील आणि वर गंगापूर धरणात पाणी चढत असेल. विसर्ग कधी आणि किती हे ठरवणार जलसंपदा विभाग, घाट महापालिकेचा, गर्दी पोलिसांची, बोटी अग्निशमन दलाच्या आणि एसडीआरएफ-एनडीआरएफच्या, आणि प्रत्यक्ष पाण्यात कमरेइतके उभे असणार जीवरक्षक. सिडनीत ज्या कामाला एक दल आहे, ते इथे पाच-सहा खात्यांनी एकाच वॉकीटॉकीवर करायचं आहे.

तोवर तुमच्यासमोर कोणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी मारू नका. ११२ आणि १०१ वर फोन करा, जागेची खूण नीट सांगा, कुठल्या काठावर आहात तेही सांगा, कारण समोरच्या काठावर पोहोचायला पुलावरून फिरून यावं लागतं. दोर, ओढणी, बांबू, रिकामा कॅन, जे मिळेल ते फेका. आणि माणूस शेवटचा कुठे दिसला त्या जागेवरून नजर हलवू नका, काठावर दगड ठेवून खूण करा. शोधायला येणारे सगळ्यात आधी तेच विचारतात.